सवलत बंद करा, मग उंचीचं बोलू

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या वाचकांच्या पत्रांत हल्ली शहरातल्या वाढत्या बांधकामांवर बरंच येतंय आणि वाचताना दरवेळी मला दोनच पार्ट्या दिसतात. एक म्हणते नवीन बिल्डिंगच नको, आहे ते आहे तसं राहू द्या. दुसरी म्हणते वाढू द्या हो, लोकांना घरं नकोत का, तुमचं झालं म्हणून आता दार लावून घेताय होय. मी आळीपाळीने दोन्हीकडून भांडून झालोय, त्यामुळे दोघांचंही थोडं खरं आहे हे मला माहितीये आणि दोघंही मूळ दुखण्याला हात घालत नाहीत असं माझं मत झालंय, म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं असेल तर कापा, पण मोजमापाचा भाग तेवढा ठेवा.

आधी माझी स्वतःची गोष्ट सांगून टाकतो म्हणजे नंतर कुणी बोट दाखवायला नको. मी राहतो त्या चार मजली बिल्डिंगच्या जागी आधी एक बैठं घर होतं. बाजूच्या घरातले आजोबा मला भेटले की हमखास म्हणायचे, तुमची बिल्डिंग उठली आणि आमच्या स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लावायची वेळ आली. मी हसून सोडून द्यायचो, म्हटलं म्हाताऱ्यांचं असतंच काहीतरी. आता माझ्या पश्चिमेला अकरा मजली उभी राहिलीय आणि साडेतीनलाच आमच्या गॅलरीत संध्याकाळ होते, वाळत घातलेले कपडे दुसऱ्या दिवशीपर्यंत दमटच राहतात, आणि मला रोज ते आजोबा आठवतात. ते आता नाहीत. त्यामुळे माझ्यानंतर एक वीट लागता कामा नये असं मी कुठल्या तोंडाने म्हणणार? मीही कुणाचं तरी ऊन अडवूनच इथे राहायला आलोय.

पण गेल्या महिन्यात जे झालं त्याने डोकं फिरलं. आमच्या गल्लीच्या टोकाच्या प्लॉटवर आणखी एका अकरा मजली बिल्डिंगचा बोर्ड लागला. बोर्डावर चित्र असतं ना ते, निळं आकाश, हिरवळ, समोर ऐसपैस रस्ता आणि त्यावर एकच पांढरी गाडी. तो रस्ता बघून आम्ही चाटच पडलो कारण ती आमची गल्ली आहे असं समजायचं होतं. मग कळलं की परवानगीच्या कागदात गल्लीची रुंदी नऊ मीटर धरलीय आणि रस्ता जेवढा रुंद तेवढं बांधकाम जास्त, असा तो हिशोब आहे. शेजारचे एक काका सुताराची पाच मीटरची टेप घेऊन आले, सकाळी साडेसहाला, गाड्यांची वर्दळ सुरू व्हायच्या आत, आणि आम्ही दोघं मोजायला लागलो. एक टोक मी भिंतीला धरायचं, पाच मीटरवर काकांनी खडूची खूण करायची, मग तिथून पुढे. एका कंपाउंडपासून समोरच्या कंपाउंडपर्यंत सहा मीटर चाळीस. ट्रान्सफॉर्मरपाशी पाच साठ. एका सोसायटीने पायरी बाहेर काढलीय (आमचीच आहे ती, लपवत नाही) तिथे पाच दहा. नऊ मीटर अख्ख्या गल्लीत कुठेच नाही. ऑफिसात जाऊन विचारलं तर म्हणाले नऊ ही प्रस्तावित रुंदी आहे. म्हणजे पुढेमागे कधीतरी दोन्हीकडच्या भिंती मागे सरकतील, रस्ता रुंद होईल, असं धरून चालायचं आणि मंजुरी मात्र आत्ता द्यायची. रस्ता उद्याचा, मजले आजचे.

बरं, हे नऊ मीटर धरूनही अकरा मजले होत नव्हते. उरलेलं सवलतीतून आलं. थोडं ह्याच्याबद्दल, थोडं त्याच्याबद्दल, थोडा प्रीमियम, म्हणजे वाढीव बांधकामाचे पैसे भरून, थोडं बाजूच्या मार्जिनमध्ये, म्हणजे सोडायच्या मोकळ्या जागेत, 'विशेष बाब' म्हणून सूट. आता माझा जो काही मुद्दा आहे तो इथे आहे. उंची हे दुखणं नाहीच. दाट वस्तीसुद्धा नाही. दुखणं आहे ते नियम एक लिहायचा आणि मग प्लॉटप्लॉटला बसून त्यातून सूट द्यायची, ह्या धंद्यात. नियम काहीही असू दे, अगदी मला न आवडणारा असू दे, पण तो सगळ्यांना सारखा आणि आधी ठरलेला असला तर मी घर घेताना समोर जास्तीत जास्त काय उभं राहू शकतं हे बघून घेईन आणि मग रडणार नाही. आज ते कुणालाच सांगता येत नाही, बिल्डरलाही नाही. शेवटी कोण कुणाला भेटलं त्यावर ठरतं.

झोनिंग, म्हणजे शहराच्या कुठल्या भागात काय आणि किती बांधायचं ह्याचे नियम, ही भानगड मुळात आली कशी ते बघा, म्हणजे हे सवलतीचं प्रकरण कुठे शिरलं ते दिसेल. १९१५ साली न्यूयॉर्कमध्ये इक्विटेबल बिल्डिंग नावाची ३८ मजली इमारत झाली. एकराहून थोड्या कमी जागेवर साधारण १२ लाख चौरस फूट बांधकाम, म्हणजे आपल्या भाषेत एफएसआय ३० च्या आसपास (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या तीसपट बांधकाम), आणि फुटपाथपासून वरपर्यंत सरळसोट, कुठे एक फूट मागे घेतलेली नाही. तिच्या सावलीत आजूबाजूच्या इमारती अंधारात गेल्या, भाडेकरू उठून जायला लागले. तक्रारी आधीपासून होत्याच पण ह्या इमारतीने लोकांची खात्री पटली आणि १९१६ मध्ये शहराने पहिला सर्वंकष झोनिंगचा कायदा केला. त्यातली युक्ती मला फार आवडते. रस्त्याच्या रुंदीच्या ठरावीक पटीपर्यंत सरळ भिंत चढवा, त्यापुढे जायचं असेल तर पायरीपायरीने मागे सरका म्हणजे खाली उजेड पडेल. प्लॉटच्या पाव भागावर मात्र कितीही उंच जा. एम्पायर स्टेट बिल्डिंगचा आकार ह्याच नियमातून आलाय. म्हणजे उंचीला कुणी ना म्हटलं नव्हतं, फक्त उजेडाचा हिशोब सगळ्यांना एकच लावला होता. आणि हो, रस्त्याची रुंदी म्हणजे असलेली रुंदी, मनातली नाही.

मग १९६१ साली तोच कायदा नव्याने लिहिला आणि एक हुशारी केली. इमारतीसमोर लोकांसाठी मोकळी जागा सोडा, बदल्यात जास्तीचं बांधकाम घ्या. सर्वांत दाट भागात एक चौरस फूट मोकळ्या जागेला दहा चौरस फूटांपर्यंत वाढीव बांधकाम मिळायचं. ऐकायला किती छान. बिल्डरांनी झडप घातली, जागोजाग प्लाझे, म्हणजे असे मोकळे चौक झाले, आणि बसायला बाकच नाहीत, वारा असा की टोपी उडून जाईल, कुठे कठडा आहे तर त्यावर कुणी टेकू नये म्हणून टोकं बसवलेली. १९७५ मध्ये नियम सुधारून बसायची जागा असलीच पाहिजे वगैरे लिहावं लागलं. विचार करा, मोकळ्या जागेत माणसाला बसता यावं हे कायद्यात लिहावं लागतं! २००० साली अशा ५०३ जागांची पाहणी प्रसिद्ध झाली त्यात साधारण ४१ टक्के जागा नावापुरत्याच निघाल्या. मजले मात्र नावापुरते नव्हते, ते आजही उभे आहेत आणि विकलेही गेले.

सवलतीचं हे असं असतं. दिलेलं बांधकाम काँक्रीटचं असतं आणि बदल्यात मिळणारी गोष्ट वचनाची. ती जागा पुढे कुलूपबंद झाली तर कोण बघायला जातंय? आमच्याच भागात एका बिल्डिंगखाली 'सार्वजनिक पार्किंग' आहे, त्याच्या बोर्डावर वेली चढल्यात आणि वॉचमन आत सोडत नाही. त्या पार्किंगबद्दल किती मजले जास्तीचे घेतले ते मोजायला मात्र टेप लागत नाही, खाली उभं राहून दिसतात.

टीडीआरचं पण तेच, म्हणजे इथला बांधकामाचा हक्क उचलून दुसऱ्या प्लॉटवर वापरायचा. मूळ कल्पना वाईट नाही, जुनी वास्तू वाचवायची तर तिच्या मालकाचं नुकसान कुठून तरी भरून द्यायला हवं. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवर टॉवर बांधू दिला नाही म्हणून रेल्वे कंपनी कोर्टात गेली, १९७८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने शहराच्या बाजूने निकाल दिला, आणि तो देताना न वापरलेला हक्क आजूबाजूच्या प्लॉटवर नेता येतो ही गोष्टही जमेस धरली. तिथे 'आजूबाजूच्या' हा शब्द महत्त्वाचा आहे. तो शब्द सैल केला की वाचवलेल्या वास्तूचे मजले हवेतून उडत उडत कुणाच्या तरी अरुंद गल्लीत उतरतात, ज्या गल्लीने ना ती वास्तू पाहिलीय ना त्या गल्लीला कुणी विचारलंय.

आता दुसऱ्या पार्टीकडे, म्हणजे माझ्यासारख्या जुन्या रहिवाशांकडे वळतो, कारण आपणही काही धुतल्या तांदळाचे नाही. १९२६ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने युक्लिड नावाच्या क्लीव्हलँडजवळच्या छोट्या गावाच्या खटल्यात झोनिंग घटनेला धरून आहे असा निकाल दिला. त्या निकालात फ्लॅटच्या इमारतींना चक्क बांडगूळ म्हटलंय, म्हणजे बंगल्यांच्या वस्तीतली मोकळी हवा फुकटात खाणारं. जज लोकांनी लिहिलंय हे! त्याच्या आधी नऊ वर्षं, १९१७ मध्ये, त्याच कोर्टाने वंशावरून वस्त्या वेगळ्या करणारे शहरी कायदे रद्द केले होते. मग सरळ सांगता येत नाही तर आडून सांगायचं अशी पद्धत पडली, इथे फक्त मोठे प्लॉट, इथे फक्त एका कुटुंबाचं घर, म्हणजे ज्याला मोठा प्लॉट परवडत नाही तो आपोआप बाहेर. 'वस्तीचं स्वरूप जपा' हे वाक्य मी पण हरकतीच्या अर्जात लिहिलंय, पण लिहिताना स्वतःला एकदा विचारलं की मला गल्ली जपायचीय का गल्लीतली माणसं निवडायचीत? सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकजण म्हणाला, 'छोटे फ्लॅट नकोत, कोण कुठले लोक येतील', आणि कुणी काही बोललं नाही. मीही नाही. त्याची लाज वाटते.

आणि नुसतं 'नको'ने काय होतं त्याचं उदाहरण लॉस एंजेलिस. १९६० साली त्या शहराच्या झोनिंगमध्ये जवळपास एक कोटी लोक राहू शकतील इतकी घरं बांधायला परवानगी होती आणि राहत होते २५ लाख. मग एकेका वस्तीने आपापल्या भागातली मर्यादा खाली आणायला लावली, आमच्याकडे नको, आमच्याकडेही नको, असं करत १९९० पर्यंत ती परवानगी ४० लाखांच्या आसपास आली, आणि लोक झाले होते ३५ लाख. म्हणजे डबा भरत आला. आता नवीन काही बांधायचं म्हटलं की नियमात बसणं मुश्किल, मग काय, सूट मागा. जिथे प्रत्येकाला सूट मागावी लागते तिथे सूट देणाऱ्याचं दुकान चालतं. शहराच्या कौन्सिलमधले एक सदस्य होसे वीझार, बांधकामाच्या परवानग्यांवर निर्णय घेणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते, त्यांनी डाउनटाउनमधल्या प्रकल्पांसाठी बिल्डरांकडून पैसे, कसिनोच्या चिप्स वगैरे घेतल्याचं निघालं, २०२३ मध्ये गुन्हा कबूल केला आणि २०२४ च्या जानेवारीत १३ वर्षांची शिक्षा झाली. ते वाचून लोक म्हणतात माणूस भ्रष्ट होता. होताच. पण ती खुर्ची अशी का होती की तिच्यावर बसलेल्याच्या एका सहीने जमिनीची किंमत कित्येक पटीने वाढावी?

तिथल्या चिडलेल्या लोकांनी २०१७ मध्ये मतदानाला एक प्रस्ताव आणला होता, नियमातून सूट मागणारी मोठी बांधकामं दोन वर्षं बंद. राग बरोबर होता पण तो सुमारे ७० टक्के मतांनी पडला, आणि मला वाटतं पडला ते बरंच झालं. कारण मर्यादा आहे तशी खालीच ठेवून फक्त सूट बंद केली तर घरंच बंद. दोन्ही एकदम करायला लागतं, मर्यादा खरीखुरी आणि पुरेशी करायची आणि मग तिच्यावर एक इंच नाही. आपल्याकडे कुणी हे जोडीने बोलतच नाही. बिल्डर फक्त पहिलं बोलतात, आम्ही फक्त दुसरं.

जपानमध्ये हे बरंचसं जमलंय असं मला वाटतं. तिथे झोनिंगचे प्रकार सगळ्या देशाला एकच, सध्या १३, गावाने फक्त कुठला भाग कुठल्या प्रकारात ते ठरवायचं. अगदी शांत निवासी प्रकारातसुद्धा घराखाली छोटं दुकान चालतं, आणि नियमात बसलं की बांधकामाला कुणाच्या मेहेरबानीची गरज नाही. मग शेजाऱ्याचं काय? तर सूर्यप्रकाशाचा हक्क म्हणून तिथे साठ-सत्तरच्या दशकात लोक पेटून उठले होते, कोर्टात गेले, १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो मान्य केला, आणि १९७६ मध्ये बांधकाम कायद्यात सावलीचा नियमच आला. हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी सकाळी ८ ते दुपारी ४ ह्या वेळात तुमच्या इमारतीची सावली शेजारच्या जमिनीवर किती तास पडणार ते नकाशावर काढून दाखवायचं, ठरलेल्या तासांच्या वर गेली तर मजला कापा. भांडण नाही, ओळख नाही, सेटिंग नाही. पट्टी आणि सूर्य. बाजूच्या घरातल्या त्या आजोबांना असं काही मिळालं असतं तर आमच्या बिल्डिंगचा चौथा मजला झाला नसता, आणि तिथे मी राहतो, तरी मी म्हणतो हे योग्य आहे.

उंचीचं भूत डोक्यातून जायला पॅरिस बघावं. १९७३ मध्ये तिथे माँपार्नास टॉवर झाला, २०० मीटरच्या वर, लोकांना इतका खुपला की १९७७ मध्ये शहरात ३७ मीटरची मर्यादा घातली. मध्ये ती काही ठिकाणी सैल केली, २०२३ मध्ये परत आणली. आणि सहासात मजल्यांचं हे शहर चौरस किलोमीटरला २० हजारांच्या आसपास माणसं सामावतं, युरोपातल्या सर्वांत दाट शहरांपैकी एक. म्हणजे दाटी करायला टॉवर लागतोच असं नाही. आमच्या गल्लीत सगळ्यांनाच सरसकट पाच-सहा मजले दिले असते, मधल्या जागा राखून, तरी घरं भरपूर झाली असती आणि कुणी कुणाच्या डोक्यावर बसलं नसतं. एकाला अकरा आणि बाकीच्यांना सावली, हे कुठलं नियोजन.

थोडं थोडं करत काय होतं ते मात्र बार्सिलोनात शिकायला मिळतं. सर्दा नावाच्या इंजिनिअरने १८५९ मध्ये आखलेले ते प्रसिद्ध चौकोनी ब्लॉक, प्रत्येक बाजू ११३ मीटरची, कोपरे छाटलेले. मूळ आखणीत इमारती मोजक्या बाजूंनाच आणि मध्ये बाग. मग आधी उरलेल्या बाजू भरल्या, मग मजले वाढले, मग मधल्या बागेत गोदामं आणि वर्कशॉप. प्रत्येक पायरीला म्हणणारा हेच म्हणाला असणार की एवढ्याने काय होतंय. शे-सव्वाशे वर्षांनी शहराला ती अंगणं एकेक करून परत मिळवायचं काम काढावं लागलं, आणि भरलेली जागा रिकामी करणं किती महाग पडतं ते वेगळं सांगायला नको.

'एवढ्याने काय होतंय' हे आमच्याकडे ड्रेनेजच्या चेंबरला विचारा. गल्लीखालची लाइन नऊ इंची आहे. ती टाकली तेव्हा बारा घरं होती, आता काकांनी आणि मी विजेचे मीटर मोजले तर दोनशेच्या पुढे गेले आणि टोकाची नवीन बिल्डिंग त्यात धरलेली नाही. लाइन नऊ इंचीच. पहिल्या मोठ्या पावसात कोपऱ्यावरच्या चेंबरचं झाकण उचललं जातं आणि खालून जे येतं ते कुठल्या मजल्यावरून आलंय हे कळत नाही. पावसाचं तर अजून वेगळं आहे. उघड्या, झाडोऱ्याच्या जमिनीवर पडलेल्या पावसातलं साधारण १० टक्के पाणीच वरून वाहून जातं, बाकी मुरतं किंवा उडून जातं, आणि तीच जमीन बहुतेक सगळी काँक्रीटने झाकली की ५५ टक्क्यांपर्यंत वाहतं. पाऊस तितकाच, पाणी पाचपट. आणि नवीन बिल्डिंगमध्ये तळघर प्लॉटच्या हद्दीपर्यंत खणलेलं असतं पार्किंगसाठी, वर कुंड्या ठेवून त्याला गार्डन म्हणतात. मुरायला माती उरलीच कुठे? एक गाडी ठेवायला, आतबाहेर करायच्या जागेसकट, साधारण ३०० चौरस फूट लागतात, एका माणसाच्या बऱ्यापैकी घराएवढी जागा, आणि नियमच सांगतो की एवढ्या फ्लॅटला एवढ्या गाड्यांची जागा कराच. अमेरिकेतल्या बफेलो शहराने २०१७ मध्ये ही सक्तीच काढून टाकली, ज्याला हवी त्याने बांधा. आपल्याकडे असं म्हटलं तर लोक मारायला धावतील, मला माहितीये, तरी लिहितो.

खरी गंमत ही की वर्षभरात आमच्या भागात सात-आठ फाइली मंजूर झाल्या असतील आणि प्रत्येक फाइल एकटीच तपासली गेली. एका फाइलने लाइन तुंबत नाही हे बरोबरच आहे. पण मागच्या वर्षी काय मंजूर केलंय त्याची बेरीज कुणाच्याच टेबलावर नाही. पाणी खातं वेगळं, ड्रेनेज वेगळं, रस्ते वेगळं, आणि प्रत्येकाचा 'ना हरकत' वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या शिक्क्याचा. घरातला फ्यूज उडायला लागला की आपण अजून एक गीझर लावत नाही, आधी लाइन वाढवतो. इथे मात्र आधी गीझर, मग बघू.

सुनावणीलाही जाऊन आलो. आराखड्यातल्या बदलाची जाहीर नोटीस खांबावर लावली होती, तिच्यावर क्लासची जाहिरात चिकटलेली. ऑफिसात नकाशा कपाटामागच्या भिंतीवर, कपाट सरकवून बघायचा. त्यावर आमची गल्ली पेन्सिलच्या रेघेएवढी, आणि कुठला रंग कशाचा ते सांगणारा भाग कपाटामागेच राहत होता. प्रत्येकाला तीन मिनिटं. माझ्या आधी एक बाई आल्या होत्या, त्यांच्या घरावरून रस्त्याची रेघ गेलीय हे त्यांना त्याच दिवशी कळलं होतं, त्यांच्या तीन मिनिटांतली दोन तर रडण्यातच गेली. साहेब वाईट नव्हते, पाणी वगैरे विचारलं त्यांनी, पण शेवटी म्हणाले, 'तुमचं म्हणणं नोंदवून घेतलंय.' नोंदवून घेतलंय म्हणजे काय ते ज्याला कळलं असेल त्याने मला पण सांगावं. सगळं ठरून झाल्यावर हरकती मागायच्या ह्यापेक्षा आधीच, कोरा नकाशा असताना, गल्लीतल्या माणसांना विचारा ना, चेंबर कुठे तुंबतं, कुठल्या कोपऱ्यावर फायरची गाडी वळत नाही, हे आम्हाला सॅटेलाइटपेक्षा जास्त माहीत असतं.

अमेरिकेतल्याच ह्यूस्टनचं एक उदाहरण मला म्हणूनच पटतं. त्या शहरात झोनिंगच नाही, लोकांनी १९४८, १९६२ आणि १९९३ अशा तीन वेळा मतदानात ते नाकारलं. १९९८ मध्ये शहराच्या मधल्या भागात घरासाठी लागणारा किमान प्लॉट ५००० चौरस फुटांवरून १४०० पर्यंत खाली आणला, म्हणजे एका घराच्या जागी तीन घरं. मात्र ज्या गल्लीला हे नको असेल त्या गल्लीतल्या मालकांनी सह्या करून आपल्यापुरती जुनी मर्यादा मागायची सोय आहे. गंमत म्हणजे काही गल्ल्यांनी मागितली, बऱ्याच गल्ल्यांनी नाही मागितली. म्हणजे लोक सगळे वाढीच्या विरोधात असतात हा समज खोटा आहे, आणि बिल्डरला पाहिजे ते सगळ्यांना पाहिजे हाही. पण बघा, तिथेसुद्धा ठरतं ते गल्लीचं ठरतं, एका प्लॉटचं नाही, आणि एकदा ठरलं की वर्षानुवर्षं ठरलेलं. भाडेकरूंना त्यात सही नाही हे मात्र मला खटकतं, आमच्या गल्लीत निम्मे भाडेकरू आहेत आणि चेंबरचं पाणी त्यांच्याच दारात जास्त येतं.

आमचं मागणं मोठं नाही. बांधकामाचा हिशोब जमिनीवर असलेल्या रुंदीवर करा, कागदावरच्या नाही, रस्ता रुंद झाला की मग वाढीव द्या, कोण अडवतंय. लाइनीत जेवढं मावतं तेवढी मर्यादा ठरवा, लाइन वाढली की मर्यादा वाढवा, आणि ती मर्यादा अख्ख्या गल्लीला सारखी द्या. 'विशेष बाब' हा रकाना फॉर्ममधून काढून टाका, आणि जिथे खरंच तिढा असेल, प्लॉट वाकडातिकडा आहे, मध्ये जुनं झाड आहे, तिथे जी काही सूट दिली ती आणि तिचं कारण त्या प्लॉटवरच्या बोर्डावर लिहा, निळ्या आकाशाच्या खाली जागा भरपूर असते. आमच्या सोसायटीची बाहेर आलेली पायरी आम्ही ह्या महिन्यात तोडतोय, मीटिंगमध्ये तीन तास भांडण झालं पण ठराव झाला.

गल्लीच्या मापांचा कागद आम्ही रीतसर दिलाय, दर दहा मीटरला एक माप, एकूण एकोणीस मापं, खाली काकांची आणि माझी सही, टेपचा फोटो जोडून. त्याची पोच मिळालीय, तारखेचा शिक्का आहे. त्याला आज सदतीस दिवस झाले. उत्तर यायचंय, आणि टोकाच्या प्लॉटवर काल पायलिंगचं, म्हणजे पायाचे खांब जमिनीत घालायचं मशीन आलं, ते गल्लीत वळेना म्हणून ट्रान्सफॉर्मरपाशी दोन तास अडकून पडलं होतं.

आपला,
एक नियमित वाचक